आतो

पहिल्या दिवशी उस्ताझा इन्साफने मला कुदळ दिलीच नाही.
दिला दात घासायचा जुना ब्रश, सुतळीचं बंडल
आणि मातीच्या रंगांचं एक पुस्तक.
"आधी बघायला शिक," म्हणाली,
"ही तपकिरी आणि ही तपकिरी एक नाही."
मला एकच दिसत होती.
नाकाडोळ्यांत निमित्ती माश्या शिरत होत्या,
खजुरांपलीकडे नाईल
तिच्या तिच्या कामात होती.

तिसऱ्या आठवड्यात दिसू लागलं.
इथे खांब होता. कुजला. उरला
काळपट मातीचा एक गोल.
खांब नाही, खांबाचं नसणं.
तेही मोजायचं, वहीत उतरवायचं,
कारण आपण पान वाचता वाचता खातो,
वाळवीसारखे. मागे राहते ती वहीच.

दुपारी खापरं.
पाट्याच्या पाट्या. धुवायची, उन्हात पसरायची,
काठ एकीकडे, बूड एकीकडे,
प्रत्येकावर आकडा.
कुणाकुणाचे खापरपणजोबा
खरोखरच खापरांत.
एका बुडावर, भाजण्याआधीचा,
ओल्या मातीत रुतलेला अंगठा.
मी माझा ठेवून पाहिला. माझ्याहून लहान.
"बाई होती," मी म्हटलं.
"किंवा पोर. किंवा बारक्या हाताचा बाप्या.
'असेल' लिही. 'होती' लिहू नकोस."

'असेल' आणि 'होती'
यांच्यामधल्या फटीत
माझा सगळा हिवाळा गेला.

मग दगड निघाला, पालथा.
उलटवला तर ओळी,
दोन शब्दांमध्ये एकावर एक दोन टिंबं.
इन्साफने घसा खाकरला आणि मोठ्याने वाचलं,
उजवीकडून डावीकडे, न अडखळता,
पाढे म्हणावेत तसं.
"म्हणजे काय?"
"म्हणजे माहीत नाही.
अक्षरं लागली, भाषा नाही लागली.
वाचता येतं, कळत नाही.
थोडे शब्द ओळखीचे. हा पाणी. हा भाकरी.
मेलेल्यासाठी मागितलेली, भरपूर मिळो म्हणून.
बाकीचं..."
तिने ओळींतली वाळू फुंकली.

लोखंड गाळणारं राज्य,
त्याच्या जाडजूड राण्या, त्यांची भांडणं, जकाती,
कुणी कुणाला घातलेल्या शिव्या,
आणि आपल्या हाती
पाणी, भाकरी.
परक्या गावात उतरलेला माणूस
आधी एवढंच शिकतो.

दहब सालिहने चाळणी थांबवली होती.
सत्तरीचा. पोरवयात त्याचं गाव
धरणाच्या पाण्यात गेलं, मिनारासकट.
"माझ्या नातीसारखं झालं," म्हणाला.
"ईदला येते खार्टूमहून. मी आमच्या नोबीनमध्ये बोलत राहतो,
ती हसत राहते. एक 'अमन' तेवढं कळतं, पाणी.
म्हटलं की पेला आणते.
म्हणून मी तहान नसली तरी मागतो."
मग दगडाशी वाकून:
"इथे अमन लिहिलंय?"
"नाही चाचा. इथे आतो."
"आतो," तो म्हणाला. पुन्हा एकदा, "आतो,"
हलणाऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसा.
कुणी पेला आणला नाही.
तो स्वतःच उठून रांजणाकडे गेला.

गुरुवारी पगार.
दहब शाईच्या डबीत अंगठा बुडवतो,
"आम्ही अंगठेबहाद्दर," दरवेळी म्हणतो,
आणि दरवेळी माझ्या रकान्याबाहेर उमटवतो.
मी समोर नाव लिहिलं, तारीख, दिवस सहा.
इथे 'असेल' लिहायची गरज नव्हती.
खोलीत दोनशे बारा नंबरच्या खोक्यात
ते बूड कापसात ठेवलेलं.
वारा होता. शाई वाळेपर्यंत
मी वही उघडीच धरून बसले.