सात नंबरचा ट्रे

प्रात्यक्षिकाच्या दिवशी साडेसहाला मी कपिलतीर्थ मंडईत.
कांद्याची पात मुळांसकट द्या म्हटलं तर बागवानीण हसली :
मुळं कुणाला खायला घालताय, मास्तर?
मी मास्तर नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या खोलीची किल्ली
माझ्या कडदोऱ्याला असते, एवढंच.

सहा ट्रे सरळ होते.
कांदा : दाढीसारखी मुळं,
कुणी थोरलं नाही, कुणी धाकटं नाही.
हरभऱ्याचा डहाळा : एकच मूळ नीट खाली गेलेलं,
बाकीची त्याच्या आडोशानं.
उसाचं पान कितीही जपून धरा, अंगठा कापतंच;
त्याच्यातल्या रेघा बुडख्यापासून शेंड्यापर्यंत
शेजारून चालतात, बोलत नाहीत.
जास्वंदीच्या पानात मात्र गल्ल्याच गल्ल्या,
शुक्रवार पेठेसारख्या :
कुठूनही शिरा, पंचगंगेवर निघाल.

ज्याची डाळ पडते ते दोन दळांचं,
पडत नाही ते एकाच.
हे आईला गिरणीच्या रांगेत उभं राहूनच कळलेलं,
फक्त त्याला गुण असतात हे ठाऊक नव्हतं.

सातव्यात मी सीताफळीची फुलं ठेवली,
सायकल स्टँडमागच्या झाडाची.
हिरवट, जाडसर, मान खाली घातलेली.
पाकळ्या तीन.
तीनचा हिशोब म्हणजे एकदल :
पोरं लिहीत गेली, पुढं सरकत गेली.
बाहेरून आलेल्या परीक्षकांना पावणेपाचची जयसिंगपूर गाडी होती.

तहसीन मुजावर तिथंच थांबली.
पाकळ्या मोजल्या. पान खिडकीशी धरलं : जाळी.
पुन्हा पाकळ्या मोजल्या,
ट्रेखाली वाकून पाहिलं, एखादी गळालीबिळाली का.
मग लिहिलं :
फूल एक सांगतंय, पान दुसरंच.
बी रुजवल्याशिवाय मी सही करणार नाही.

परीक्षकांनी त्यावर आडवी रेघ मारली.
उसाच्या पानातल्यासारखी, सरळ.

इंगवले बाई कपबशी धुता धुता म्हणाल्या,
दळं दोनच हो सीताफळाला.
पण त्याचं घराणं फार जुनं,
आपण कपाटाला दोन खण केले
त्याच्या कितीतरी आधी वेगळं निघालेलं.

मी गेल्या वर्षीच्या चार बिया
रंगाच्या रिकाम्या डब्यात पुरल्या.
तीन कुजल्या.
चौथी दीड महिन्यानं वर आली, पाठ वाकवून,
डोक्यावर टरफल तसंच.
ते पडलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.
दोन.

निकाल लागून गेला होता.
डब्यावर मी तिचा बैठक क्रमांक चिकटवला
आणि खिडकी उघडी ठेवून
खोलीला कुलूप लावलं.