घरटं क्रमांक सतरा

घरटं म्हणायचं म्हणून म्हणायचं.
काडी नाही, पान नाही.
खाणीच्या टाकाऊ मातीच्या डोंगरावर
टाच रुतावी एवढा खळगा
आणि त्यात चार अंडी, टोकं आत वळवलेली,
ठिपक्यांची, खड्यांत खडे.
पहिल्याच दिवशी मी त्यांवर पाय देणार होतो.
डॉक्टर फुर्तादो ओरडल्या नाहीत,
नुसती माझी पोटरी धरली.

त्याआधी सोळा वर्षं मी हाच डोंगर ओतत होतो.
टिपर, दिवसाला नऊ खेपा.
मग खाण बंद पडली,
ट्रकच्या हौद्यात पाणी साचून बेडूक झाले,
आणि बाई आल्या शिरगावात
दुर्बीण, काळी छत्री, गोणपाटाचा आडोसा घेऊन.
म्हणाल्या, म्हाळू, वेळ टिपता येते ना तुला?
म्हटलं, बाई, खेपा मोजण्यातच जन्म गेला.

वैशाखात बारानंतर इथला दगड हातात धरवत नाही.
तेव्हा टिटवी उठते,
खाणीच्या खड्ड्यातल्या लाल पाण्यात उतरते,
पोटाची पिसं भिजवते, थांबते, पुन्हा भिजवते,
आणि ठिबकत येऊन अंड्यांवर बसते.
ऊब द्यायला नाही हो,
गारवा द्यायला.

डाव्या पायात निळं कडं, तो नर.
पिवळं, ती.
बारा ते तीन, दोघांच्या मिळून एकवीस खेपा.
खाडा नाही. ओव्हरटाइमही नाही.
तिसऱ्या आठवड्यात अंडी लाल झाली,
आमच्या बनियनांचा जो रंग
कुठल्याच साबणाला गेला नाही, तोच.
बाईंनी वहीत लिहिलं: कवचावर लोहमिश्रित गाळ.
मी काही लिहिलं नाही.

आमच्या वाड्यावर म्हणतात,
टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ तोलून धरते.
बाई म्हणाल्या, दोनशे रात्री बसलेय मी,
एकदाही पाठीवर झोपलेली दिसली नाही.
बरं, म्हटलं.
पण मग धरतं कोण, हे त्यांनाही सांगता आलं नाही.
थर्मासमधला उरलेला चहा
आम्ही अर्धा अर्धा घेतला.

पिल्लं अंगं सुकली की थांबत नाहीत, चालू लागतात.
आईबाप टरफलं उचलून लांब टाकतात.
मग रिकामा खळगा सापाचा की सुटकेचा?
बाईंनी पिशवीतून चहाची गाळणी काढली.
तळाची माती चाळायची.
कणीएवढं कवच मिळालं, तर लिही: निघाली.
नाही मिळालं, तर: नेली.

चोविसाव्या दिवशी फोन आला.
खाण सुरू, सोमवारपासून हजर व्हा.
मुलीची फी होती. पतपेढीचे सात हप्ते होते.
बाई खड्ड्याकडे बघत राहिल्या.
त्यांचे पैसेही जूनपर्यंतचेच.
जाताना दुर्बीण नेली, गाळणी ठेवली.

पहिल्या खेपेला स्टिअरिंग दोन हात डावीकडे ओढलं.
टायर कडेला लागला, मागून हॉर्न.
सुपरवायझर खांडेपारकर म्हणाला,
डोळे गेले काय तुझे?
पावतीवर वजन लिहायच्या रकान्यात
मी लिहून बसलो होतो:
बारा चाळीस, पिवळी, ओली.
त्या खेपेचे पैसे कापले.

सत्ताविसाव्या दिवशी खळगा रिकामा.
दोन खेपांच्या मध्ये, इंजिन चालू ठेवून, उकिडवा बसलो.
धूळ इतकी की गाळणीची जाळी सारखी बुजायची.
फुंकर मारली. पुन्हा चाळलं.
तीन तुकडे.
कवच असेल, खडीची कपचीही असेल,
माझ्या नखाला फरक कळत नाही.

काडेपेटीत घालून ठेवलेत, ड्रायव्हर सीटच्या वर,
लायराईच्या फोटोमागे.
बाईंचा नंबर आहे. लावला नाही अजून.
खड्ड्याकडून आवाज येतो कधी संध्याकाळी,
टिट्, टिटिव्, चिडलेला,
आणि मी काच खाली करतो,
धूळ आत आली तर येऊ दे.