नग एक

तिसऱ्या फळीवर, मांडूळ आणि न जन्मलेलं वासरू
यांच्या मधे,
एकतीस वर्षं मी त्याची काच पुसली.
बोटभर मासा. रंग उकडलेल्या बटाट्याचा.
डोळा साबुदाण्यासारखा.
पोरं विचारायची, मैनूमामा, ह्यो कुठला?
मी म्हणायचो, समुद्राचा.
लातुरात एवढं उत्तर पुरतं.

समुद्र मी पाहिलेला नाही.
पोवळं पाहिलंय, हेडक्लार्क धाराशिवे साहेबांच्या बोटात,
मंगळासाठी.
ते जिवंत असतं, त्याची वस्ती असते,
वस्तीत मासे भाडं न देता राहतात,
हे देवणीकर सरांनी सांगितलं, चहात खारी बुडवत.
चौऱ्याहत्तर साली सर सहल घेऊन कुठल्याशा बेटावर गेलेले.
बाकीच्यांनी शंख आणले.

ज्या उन्हाळ्यात गावाला पाणी रेल्वेनं आलं
त्या उन्हाळ्यात अख्ख्या कॉलेजात
भरलेलं भांडं हे एकच.
आम्ही घागरी घेऊन रांगेत,
हा गळ्यापर्यंत तुडुंब.
झाकण आवळताना मी त्याला म्हणालो,
बाबा, तुझं बरं हाय.
फॉर्मालिननं डोळे झोंबले.
तसे ते रोजच झोंबतात.

यंदा फेब्रुवारीत हाजरा आली,
त्याच बेटांवरची, दोन रेल्वे आणि एक एसटी बदलून.
सुईच्या टोकानं पाठीवरचे काटे मोजले.
परत मोजले.
तिसऱ्यांदा मोजले आणि माझ्या स्टुलावर बसून राहिली.
तिकडे पाणी तापलं म्हणाली,
वस्तीच्या वस्ती चुन्यासारखी पांढरी पडली.
हा मासा एकोणीस वर्षांत कुणाला दिसला नाही.
शेवटचा तिच्या मामाच्या जाळ्यात आला होता.
लहान आहे म्हणून मामानं सोडून दिला.

म्हणजे नामशेष? मी विचारलं.
शब्द मला पाठ आहे, भिंतीवरच्या तक्त्यात आहे,
त्याचा खिळा मीच ठोकलाय.
ती म्हणाली, असं लगेच म्हणता येत नाही, चाचा.
शोधत राहावं लागतं.
आणि याला तर अजून कुणी नावच दिलेलं नाही.

त्या रात्री बायको दोनदा म्हणाली, झोपा आता.
नाव तेवढं उरलं, की नामशेष.
ज्याला नावच नव्हतं
त्याचं काय उरलं म्हणायचं?

सरांच्या वहीत एक ओळ सापडली,
कसरीनं दोन्हीकडून खाल्लेली:
'पिवळा, करडईच्या फुलासारखा, पण बाहेर काढताच'
आणि पुढं भोक.
करडई मला ठाऊक आहे.
औशाच्या रस्त्याला मेव्हण्याचं रान आहे, काट्यांनी पोटऱ्या सोलून घेतल्यात.
पण तिचं फूल ताजं असताना पिवळं,
सुकत जाताना केशरी.
सर, तुम्ही कोणत्या घटकेचं फूल धरलं होतं?
सर गेले त्याला अकरा वर्षं झाली.

हाजरानं शेपटीचा तुकडा नेला, तांदळाच्या कणीएवढा.
नोंदवहीत मी लिहिलं:
नग एक, पैकी थोडा दिला.
दुसरं कसं लिहायचं ते कळलं नाही.

जूनमध्ये मी निवृत्त होतोय.
माझं पद व्यपगत झालं, असं पत्र आलंय.
किल्ली कुणाकडे द्यायची, ते पत्रात नाही.

आज द्राव बोटभर खाली गेला होता, भरला.
झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावलं.
जार उचलून फळीवर ठेवताना तो आतल्या आत वळला,
वळता वळता काचेला आला
आणि एवढा मोठा दिसला
की मी एक पाऊल मागं सरलो.