पांढऱ्याचा नमुना

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये
रंग दाण्यांत येतो.
तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठा दाणा,
पोटात इतका दाबून भरलेला
की शंभर किलो मालाला दोन किलो पुरतो.
बादली, टमरेल, गाळणी, टाकीचं झाकण,
साच्यातून जे जे निघतं
ते त्या दोन किलोंचं देणं लागतं.

एकतीस वर्षं मी रंग जुळवतो.
लोक तुटके तुकडे रुमालात बांधून आणतात.
"शितोळेसाहेब, बस, आवो ज लाल."
मी तुकडा खिडकीत धरतो,
मग ट्यूबलाइटखाली, मग पिवळ्या बल्बखाली.
एका उजेडात सख्खे भाऊ वाटणारे दोन लाल
दुसऱ्या उजेडात ओळखसुद्धा दाखवत नाहीत.
म्हणून आधी विचारतो, वस्तू राहणार कुठे?
गच्चीवर? मग हा नको, दोन उन्हाळ्यांत गुलाबी पडेल.
लोणच्याला? मग हा तर नकोच, तेलात उतरेल.
माल पॉलिथिन की पीपी? भट्टी किती तापवता?
दाण्याची जात मालाच्या जातीशी जुळली नाही
तर बादलीच्या अंगावर रेघा उठतात,
छडीचे वळ उठावेत तशा.

पांढऱ्याचा नमुना मात्र कोणी आणत नाही.
पांढरा म्हणजे पांढरा, त्यात काय बघायचं?
तो मी माझ्या मनानं करायचो.
टिटॅनियम मोजायचं,
चकती पाडायची, जरा पिवळट वाटली
की निळ्याची चिमूट.
पुढच्या वर्षी आणखी एक.
वहीत सगळं आहे, माझ्याच अक्षरात:
पांढरा चार.
पांढरा चार, सुधारित.
पांढरा चार, पुन्हा सुधारित.

गेल्या माघात डॉक्टर दस्तूरांनी
उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, घरी आलो,
मोरीत गेलो. समोर मग,
आमच्याच कारखान्याचा, पांढरा.
निळा होता.
उघड उघड निळा, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा.
डावा डोळा मिटला: निळा.
उजवा मिटला: पांढरा.
विजू बाहेरून म्हणाली, "पाणी गेलं का?"

संध्याकाळी काळा चष्मा लावून मंगळबाजारात गेलो.
दुकानांपुढे दोरीला लटकलेल्या बादल्या,
न्यायमंदिरापासून मांडवीपर्यंत,
चष्मा वर करून करून बघितल्या.
अकरा वर्षं
माझ्या डोळ्यातला पिवळा मी
लोकांच्या न्हाणीघरात जाऊन खोडत होतो
आणि कोणी तक्रार केली नव्हती.

मग खरा पांढरा केला.
निळा नाहीच. रात्री उशिरापर्यंत शनाभाईला थांबवून
सात चकत्या पाडल्या, सातवी ठेवली.
डभोईचे किरीटभाई आले, त्यांच्या हातावर ठेवली.
त्यांनी खिडकीत नेली, उलटीसुलटी केली,
नखानं खरवडून पाहिली.
"आ तो पीळुं पडी गयुं छे, साहेब. पेलो ज आपो."
मी त्यांचे डोळे बघितले.
बत्तिशीचा पोरगा. नजर धुतल्यासारखी स्वच्छ.
माझ्याच मगानं अंघोळ करत मोठा झालेला.

पार्थिव, नवा केमिस्ट, म्हणतो मशीन घ्या,
मशीनला मोतीबिंदू होत नाही.
खरं आहे.
पण मशीनलाही आधी एक तुकडा दाखवावा लागतो,
हा पांढरा म्हणून.
कुठला दाखवू, विचारलं,
तर तो फोन आल्यासारखं करून बाहेर गेला.

डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची.
तोवर डभोईची ऑर्डर आहे, पादऱ्याची आहे,
एका लग्नघरासाठी तीनशे मग आहेत.
चकती खिडकीत धरतो,
उजव्या डोळ्यावर तळहात,
आणि वहीत नवीन ओळ लिहितो:
पांढरा चार, डावा.