डीफ्रॉस्ट

बदलीचा कागद शामलने दोन दिवस
पोळपाटाखाली दडवून ठेवला होता.
तिसऱ्या दिवशी लाटता लाटता म्हणाली, "केलाँग."
मला वाटलं, ओट्यावरून झाकण पडलं.

उत्तर म्हणजे आम्हाला बोरिवली.
फार तर लग्नकार्याला पालघर.
केतकीने नकाशात घोडपदेववर बोट ठेवलं
(ते नकाशात नव्हतंच, तिने ठेवलं)
आणि सरकवत नेलं सुरतेवरून, कोट्यावरून, दिल्लीवरून.
मनालीच्या वर बोट अडलं.
तिथे नकाशाची घडी होती
आणि घडीवर कागद विरलेला.
"ह्याच्या पलीकडे," मी म्हणालो.

बाबांनी एकच विचारलं :
तिकडे समुद्र कुठल्या बाजूला?
छत्तीस वर्षं गोदीत मोजणीदार.
पेट्या, पोती, पिंपं.
आलेलं, गेलेलं, फुटलेलं.
झोपताना डोकं कुठे, देव्हारा कुठल्या भिंतीला,
सगळं भाऊच्या धक्क्याकडे बघून ठरवलेलं.
कुणाला उत्तर सुचेना.
मग शामल म्हणाली, "समुद्र नाही बाबा, नदी आहे. भागा नावाची."
"मग भागेल," बाबा म्हणाले
आणि पुन्हा पेपरात शिरले. पेपर उलटा होता.

मी फ्रीज दुरुस्त करतो.
माझगाव ते काळाचौकी, बावीस वर्षं.
आता जातोय तिथे म्हणे
भाजी गोठू नये म्हणून शेकोटीजवळ ठेवतात.
नळबाजारात हारूनभाई, ज्याच्याकडून गॅस भरून घेतो,
पोट धरून हसला.
"मिस्त्री, तिकडे उलटा फ्रीज बनव.
आत ऊब, बाहेर बर्फ."
मला हसू आलं नाही.
घरी येईपर्यंत मनात त्याचं वायरिंग चाललं होतं.
फ्रीज काही थंडी बनवत नाही.
आतली ऊब उचलतो
आणि पाठीमागच्या जाळीतून बाहेर ठेवतो, एवढंच.
हे मी गिऱ्हाइकांना कितीदा सांगितलंय.
कुणाला पटत नाही.

ट्रकवाल्याने सामानाची यादी मागितली,
प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत.
बाबांनी जुनं रजिस्टर काढलं, पट्टीने रकाने आखले.
पितळी डबा, एक. चारशे.
शिलाई मशीन, एक, पायडल सैल. नऊशे.
केतकीची सायकल. (चढावर चालेल का? विचारणे.)
सुके बोंबील, दोन किलो, डिमेलो काकूंकडून :
किंमतीच्या रकान्यात फक्त एक रेघ.
शामल म्हणाली, "बोंबलांचा वास बँकेत पोचला तर?"
"पोचू दे," बाबा म्हणाले,
"मॅनेजर कुठली आहे ते कळेल."
ती हसली, आणि हसता हसता
तोंड फिरवून उगाच गादीची दोरी आवळत बसली.
पाच वर्षं बढतीची वाट पाहिली होती तिने.
मिळाली ती अशी, अकरा हजार फुटांवर.

फ्रीज आम्ही नेत नाही.
दुसऱ्या मजल्यावरच्या मोहित्यांना दिला.
आदल्या रात्री मी प्लग काढला, दार सताड उघडलं.
वरच्या कप्प्यातला बर्फ आधी घामेजला,
मग त्याची अख्खी लादी सुटून हातात आली.
केतकी म्हणाली, "मला दे. सराव करते."
ओंजळीत धरून ती आकडे मोजत राहिली.
साठ, सत्तर. पाणी कोपरापर्यंत.
एकशे चाळीसला बर्फ टाकला,
बोटं लाल झाली होती,
आणि कुणी सांगितलं नसताना
ती फ्रीजच्या मागे गेली,
हात आत घालून कॉम्प्रेसरवर तळवे टेकवले.
अजून कोमट होता.

बाबा दिव्याखाली यादी पुरी करत होते.
तळाशी, सवयीने, त्यांनी लिहिलं :
माणसं, चार.
आलेलं, गेलेलं हे रकाने भरले.
फुटलेलं
इथे त्यांचं पेन थांबलं,
आणि केतकीचे हात सुकेपर्यंत
तसंच कागदावर टेकलेलं राहिलं.