दुसरी सुई

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात
दोन पेनं आडवी.
निळं जुनं, अठरा वर्षं माझ्यासोबत म्हातारं होत आलेलं.
करडं नवं, आठवड्यातून एकदाच.
"मिसळू नका, एका जागी टोचूही नका,"
डिचोलीच्या फार्मसीतली एफिजेनिया बजावते,
जशा दोन सवती नांदवायच्यात मला
एका पोटावर.

डॉक्टर कुडचडकर म्हणाले होते,
इन्सुलिन एकटंच गाडा ओढतंय,
त्याला जोडीदार देऊ.
केवढ्याला पडतो जोडीदार? मी विचारलं.
त्यांनी आकडा सांगितला,
मी मनात त्याची इसवणं केली:
साडेतीन. मोठी.

पहिली सुई मंगळवारी घेतली.
बुधवारी सकाळी बांगड्यांची टोपली उघडली मात्र,
मागच्या दारी धावले, कर्दळीच्या मुळात.
तीस वर्षं मासळी चिरणारी मी!
सुलक्षा विळीवरून म्हणाली, "बाये, ह्या वयात?"
मी हसले,
मग परत ओकले.

तेव्हापासून रविवार रात्र, भांडी उपडी घातल्यावर.
सोमवारी खाणावळीत शिवराक,
मळमळीला निदान वास तरी नको.

ती पाचव्या आठवड्यात ओसरली.
भूक मात्र गेली ती गेलीच.

जुनी होती माझी भूक.
साडेतीनला शेवटचा ट्रकवाला उठला
की माझ्यासमोर येऊन बसायची.
उकड्या तांदळाचा ढीग, हुमणाचा तळ,
आणि तव्याला धरलेली बांगड्याची शेपटी,
जी मी कधी गिऱ्हाइकाला वाढली नाही.
टोचलंस ना, मग खा.
खाल्लंस ना, मग टोच.
अठरा वर्षं आम्ही एकमेकींना असं भरवलं.

आता चार घास
आणि आतून कुणीतरी हात आडवा धरतं,
पंगतीत वाढप्यापुढे धरावा तसा.
शेपटी मांजराला. मांजर सुटलंय.

चव जाग्यावर आहे.
तळहातावर थेंब घेतला की मीठ कळतं, सोल कळतं,
तिरफळ एक जास्त पडलं तेही.
पण ते कळणं आता तलाठ्यासारखं,
दुसऱ्याच्या जमिनीचा उतारा लिहावा तसं.

अस्नोड्याचा रोहिदास ताट सारून म्हणतो,
"स्वतः न जेवणाऱ्या बाईच्या हातचं जेवण, भंय दिसता."
मी त्याला आणखी हुमण वाढते.
खातो.

एकदा चुकले.
नवं आलं तसं जुनं बत्तिसावरून बावीसवर आणा,
असं सांगितलं होतं.
अठरा वर्षांच्या सोबत्याचे
एकदम दहा कसे कापायचे?
बत्तीसच घेत राहिले.
पहाटे तीन. चादर ओली, ओठ बधिर,
मीटरवर एक्कावन्न.
अंधारात बरण्या चाचपल्या,
मीठ, सोलं, परत मीठ.
ह्याच हातांनी साखर लपवली होती
आणि जागा आठवेना.

शाबा उठून आला, दिवा न लावता
पिठाच्या डब्यामागून पुडी काढली.
"तुम्हाला कसं ठाऊक?"
"रोज चमचाभर घेतो चहात. आधी खा."
माझ्या तोंडात मूठ रिकामी केली त्यानं.
लग्नाला सदतीस वर्षं,
उखाण्याच्या घासानंतर भरवलेलं हे पहिलंच.

रिपोर्ट नऊ पॉइंट चारवरून सात पॉइंट सहा.
काकणं कोपरापर्यंत चढतात.
वीज गेली की दोन्ही पेनं थर्मासात, गार पाण्यात,
शाबा घड्याळ बघून पाणी बदलतो.
साखरेची पुडी आता उघड, मिठाशेजारी.

आज सोमवार. साडेतीन.
मुगागाठी उरल्यात तांब्याभर.
शाबा समोर बसलाय, माझ्या ताटावर डोळा ठेवून.
चार घास झाले.
हात आडवा आला, मी थांबले,
आणि मग पाचवा घेतला.
भूक नव्हती ती.
मुगागाठी बऱ्या झाल्या होत्या, इतकंच.