कोयंडा

कीथली. फेब्रुवारी. दुपारी चारलाच दिवे लागलेले.
पंधरा पौंडांना जुना घेतलेला अ‍ॅक्सेस पॉइंट
जिन्याखाली, गॅसच्या मीटरशेजारी बसून
विचारतोय: सुरक्षा कोणती?

पर्याय उतरंडीसारखे रचलेले.
सगळ्यात वर 'काहीच नाही',
म्हणजे दार सताड. आठ दिवस तेच होतं,
रात्रपाळीच्या झोपेत मला कळलंही नाही.
मग डब्ल्यूईपी: सुतळीनं बांधलेली कडी,
शेंबडं पोरही पाच मिनिटांत सोडवील.
नाव लपवायचीही सोय आहे,
पण पाटी काढली म्हणून घर थोडंच नाहीसं होतं.
डब्ल्यूपीए टू. डब्ल्यूपीए थ्री.
मी शेवटचंच घेणार होते. कुणीही घेतलं असतं.

सेव्ह करण्याआधी सहज यादी उघडली,
आत्ता कोण कोण जोडलेलं आहे.
माझा फोन.
माझा लॅपटॉप.
एनिडचा टॅब.

एनिड हेपवर्थ, भिंतीपलीकडच्या, वय एक्याऐंशी.
मी राहायला आले त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यांचे वार
पाकिटाच्या पाठीवर लिहून दाराखालून सरकवले होते त्यांनी.

यादीत वेळाही होत्या. रोज सात ते साडेसात.
सातला भिंतीतून एक पुरुषी आवाज येतो,
मी इतके दिवस टीव्ही समजत होते.
तो ऑकलंडचा मुलगा. तिथे तेव्हा सकाळ.

चोर सापडल्यावर राग यायला हवा.
आला की.
चहा उकळेपर्यंत टिकला.

दार ठोठावलं, म्हटलं, कुलूप लावतेय.
त्या कानापर्यंत लाल. 'मला वाटलं,
ते कौन्सिलचं असेल, लायब्ररीसारखं.'
टॅबची काच तडकलेली, दहा वर्षं जुना,
अक्कल डब्ल्यूपीए टूपर्यंतच,
नवं कुलूप त्याला दिसणारसुद्धा नाही.

तेव्हा माझ्यासाठी थ्री,
आणि पाहुण्यांचं जाळं वेगळं, टूवर,
तिथून माझ्या लॅपटॉपकडे वाट नाही. एवढं मी पाहिलं,
साधीभोळी नाही मी.

पासवर्ड: कोयंडा, इंग्रजी अक्षरांत.
एनिडनी एकेक अक्षर बोटानं शोधलं. दोनदा चुकलं.
'म्हणजे काय गं?'
मी डाव्या हाताची गोल मूठ केली, उजवं बोट आत घातलं:
कडी जिच्यात अडकते, ते.
'अगं, स्नेक!'
मी पायाशी साप शोधू लागले.
त्या खुर्चीत बसून खोकेपर्यंत हसल्या.
यॉर्कशरात दाराच्या खिटीला स्नेक म्हणतात,
त्यांच्या आईचा शब्द. आता दुकानदारालाही कळत नाही.

मग तोही जोडला शेवटी, त्यांच्या हट्टाखातर.
कोयंडास्नेक, आणि पुढे दोन्ही घरांचे नंबर.
हे दोन शब्द शेजारी शेजारी
कुठल्या चोराला सुचणार?

घरी येऊन पाहते तर यंत्राचा आणखी एक प्रश्न:
पाहुण्यांना मुदत किती?
एक तास. एक दिवस. कायम.
टिचकी मारली आणि आंघोळीला पळाले,
पाळीला उशीर होत होता,
भिंतीतून सातचा आवाज सुरू झाला होता.